अहवाल सगळे नॉर्मल, तरी छातीत धडधड: याच्यासोबत कसे जगता?

माळावरची (धागाकर्ती)

नमस्कार. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या आणि "काही नाही, टेन्शन घेऊ नका" हे वाक्य ऐकून घरी परतलेल्या लोकांशी मला बोलायचे आहे. माझे वय एक्केचाळीस आहे, मी जुळे सोलापुरात राहते आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम पाहते. गेल्या उन्हाळ्यापासून दिवसातून अनेकदा ठोका मध्येच थांबल्यासारखा वाटतो, क्षणभर छातीत पोकळी जाणवते आणि पुढचा ठोका आतून धक्का बसावा तसा येतो, थेट गळ्यापर्यंत. रात्री डाव्या कुशीवर वळले की स्वतःचे ठोके उशीत ऐकू येतात. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर असे सगळे तपासून झाले आहे आणि सगळे व्यवस्थित आहे.

अहवाल हाती आले तेव्हा थोडे दिवस बरे वाटले. मग डोक्यात आले की ईसीजी निघत होता त्या अर्ध्या मिनिटात ठोका चुकलाच नव्हता, तर तो कागदावर दिसणार कसा? या प्रश्नाचे उत्तर कुणी दिले नाही आणि विचारायला पुन्हा जावे तर संकोच वाटतो. आता परिस्थिती अशी आहे की कार्यालयाचा जिना चढताना मी वळणावर थांबून नाडी पाहते, एकटीने तुळजापूरला जाणे बंद केले आहे आणि यंदा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेलाही होम मैदानाच्या कडेलाच उभी राहिले, कारण आत गर्दीत काही झाले तर बाहेर कसे पडायचे हे सुचेना. प्रत्यक्ष धडधड दिवसातून काही मिनिटेच असते. ती येईल ही धास्ती मात्र दिवसभर पुरते.

ज्यांना हे आहे त्यांनी काय केले, कशाने फरक पडला आणि कशाने उलट वाढले, हे सविस्तर लिहावे. सकारात्मक विचार करण्याचा सल्ला कृपया देऊ नये, तो घरात रोज मिळतो.

विजापूर वेस

ताई, माझे नवी पेठेत कापडाचे दुकान आहे, वय पंचावन्न, आणि हे चुकणारे ठोके (डॉक्टर त्यांना जादा ठोके म्हणतात) माझ्या वाट्याला कित्येक वर्षांपासून आहेत. लग्नसराईत, जागरणात, रात्री पोटभर जेवून लगेच आडवे झाल्यावर ते वाढतात आणि मध्येच महिना महिना फिरकत नाहीत. पूर्ण तपासणी एकदा नीट झाली आहे. त्यानंतर ते कधी कायमचे थांबतील याची वाट पाहणे मी सोडले, आणि माझ्यापुरता खरा फरक तिथेच पडला. ठोका चुकला तर चुकला, मी गिऱ्हाइकाला कापड दाखवत राहतो. सुरुवातीला हे नाटक वाटायचे, हळूहळू अंगवळणी पडले.

भुईकोट

मी फिजिशियन आहे. इथे लिहून कुणाची तपासणी होत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा एक समूह असतो आणि तिथून निघणाऱ्या विद्युत संदेशावर विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख. इतक्या मोठ्या संख्येत अधूनमधून एखादा संदेश वेळेआधी आणि भलत्याच जागेवरून, पुष्कळदा खालच्या कप्प्यातून, निघतो. तो ठोका लवकर पडल्यामुळे कप्पा रक्ताने पुरता भरलेला नसतो, म्हणून तो मनगटाला जाणवतही नाही. त्यानंतर नेहमीपेक्षा लांब विराम येतो, त्या विरामात कप्पा जास्त भरतो आणि पुढचा ठोका जास्त जोराचा पडतो. ताईंना जे थांबणे वाटते ते हा विराम आहे आणि जो धक्का वाटतो तो विरामानंतरचा, पूर्णपणे निरोगी ठोका आहे. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीच्या अधिक जवळ येते, म्हणून तिथे ते जास्त जाणवते.

दिवसभराची नोंद काढली तर अनेक निरोगी माणसांतही असे ठोके सापडतात, फक्त त्यांना ते कळत नाहीत. हृदयाची रचना इकोत चांगली असेल आणि जादा ठोक्यांचे प्रमाण थोडे असेल, तर त्यांनी आयुष्य कमी होत नाही. प्रमाण एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ लागले तर मात्र हृदयाच्या स्नायूवर परिणाम होऊ शकतो, आणि हे प्रमाण साध्या ईसीजीत कळत नाही. त्यामुळे ताईंचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो डॉक्टरांना विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. त्यासाठी होल्टर नावाचे, २४ तास ठोक्यांची सतत नोंद घेणारे छोटे यंत्र अंगाला लावतात.

आता ज्या लक्षणांत थांबायचे नाही ती सांगतो: धडधडीसोबत शुद्ध हरपणे किंवा हरपत आल्यासारखे होणे, छातीत दुखणे, दम लागणे, धावताना किंवा श्रम करतानाच धडधड सुरू होणे, घराण्यात कुणी चाळिशीच्या आत अचानक दगावलेले असणे, आधीपासून हृदयविकार असणे. धडधड चालू असताना शुद्ध गेली, छातीत दुखू लागले किंवा दम लागला तर १०८ ला फोन करावा, रिक्षा शोधत बसू नये. शिवाय वयस्कर माणसाच्या नाडीचा ताल पूर्णपणे विस्कटलेला, कसलाही नेम नसलेला लागला तर तो एट्रियल फिब्रिलेशनचा प्रकार असू शकतो. त्यात पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून त्रास होत नसला तरी ईसीजी काढावा.

सात रस्ता

भुईकोट, आपले विवेचन उत्तम आहे, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण माझ्या बाबतीत "टेन्शन" या एका शब्दाने बरीच वर्षे खाल्ली.

मला होणारी धडधड ताईंसारखी नव्हती. भाजी निवडताना, टीव्ही पाहताना, कसलेही कारण नसताना एका क्षणात ठोके प्रचंड वेगाने सुरू व्हायचे, गळ्यात काहीतरी फडफडायचे आणि दहा मिनिटांनी किंवा तासाभराने ते तसेच एका क्षणात थांबायचे. नंतर वारंवार लघवीला जावे लागायचे. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे शांत झालेले असायचे, ईसीजी स्वच्छ यायचा आणि मी घाबरट ठरायचे. एका ठिकाणी तर माझ्यासमोर माझ्या सासूबाईंना सांगण्यात आले की सूनबाईंना जरा कामात गुंतवा.

शेवटी एकदा झटका चालू असतानाच शेजारच्या मुलाने मोटारसायकलवरून जवळच्या छोट्या दवाखान्यात नेले आणि तिथल्या डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, मग बाकीचे विचारले. मिनिटाला १९० ठोके होते. तो कागद घेऊन मोठ्या रुग्णालयात गेल्यावर एसव्हीटी (हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी अतिवेगाची धडधड) हे नाव मिळाले. तिथे नसेतून एक इंजेक्शन दिले, काही सेकंद छातीवर कुणी बसल्यासारखे आणि आता संपले असे वाटले, आणि ठोके जागेवर आले. पुढे पुण्यात जांघेतल्या शिरेतून नळी घालून हृदयातला तो जादाचा मार्ग जाळून टाकला. त्यानंतर तो त्रास नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की भीती हे निदान सगळ्यात शेवटी करावे. बाईच्या बाबतीत ते सगळ्यात आधी केले जाते.

भुईकोट

आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. अचानक सुरू होऊन अचानक थांबणे आणि मध्ये वेग अतोनात असणे हे एसव्हीटीचे लक्षण आहे. घबराटीतली धडधड बहुधा चढत जाते आणि ओसरत जाते. ज्यांना असे झटके येतात त्यांनी झटका चालू असताना जिथे मशीन असेल तिथे ईसीजी काढून घ्यावा, तो एक कागद दहा तपासण्यांच्या मोलाचा असतो. एसव्हीटीच्या एव्हीएनआरटी या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात नळीच्या उपचाराचे यश सुमारे ९५ टक्के किंवा त्याहून अधिक आहे.

ज्यांचे हे निदान झालेले आहे त्यांच्यासाठी: २०१५ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्धवट बसून १५ सेकंद जोर लावून फुंकर मारायची आणि लगेच पाठीवर आडवे करून दुसऱ्याने पाय उचलून धरायचे, अशा पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचे ठोके जागेवर आले. नुसत्या बसून मारलेल्या फुंकरीने १७ टक्क्यांचे. ही पद्धत आपल्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. मानेची शीर चोळण्याचा प्रकार घरी करू नये, विशेषतः वयस्करांनी.

कटिंग

चहा पूर्ण सोडावा का, हे कुणी सांगेल का? दिवसभर बाजारात असतो, नाही म्हणता येत नाही.

भुईकोट

प्रत्येकाचे वेगळे असते. अमेरिकेत शंभर प्रौढांवर केलेला एक प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात कॉफी प्यायलेल्या दिवशी वरच्या कप्प्यातले जादा ठोके फारसे वाढले नाहीत, खालच्या कप्प्यातले काही प्रमाणात वाढले आणि झोप सरासरी अर्ध्या तासाहून थोडी अधिक घटली. झोप घटली की ठोके आणि भीती दोन्ही वाढतात, म्हणून माझ्या मते संध्याकाळनंतरचा चहा आधी बंद करावा आणि सकाळचा तूर्त राहू द्यावा. एकदा दोन आठवडे चहा सोडून पाहावे. फरक पडला नाही तर उगाच स्वतःला छळू नये. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट यांना मात्र अशी सवलत नाही.

देगावकर

आमच्याकडे अर्जुनाच्या सालीचा काढा दुधातून घेतात. माझ्या वडिलांनी तोच घेतला आणि ते ऐंशीपर्यंत शेतात जात होते. इतक्या तपासण्या करून माणूस अधिकच आजारी पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त सिस्टर

दादा, काढा घेणाऱ्याने घ्यावा, पण जे काही घेता ते डॉक्टरांना सांगावे, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. मी आयुष्यभर वॉर्डात नोकरी केली आहे, आणि धडधडीचे कारण रुग्णाच्या पिशवीतच सापडल्याचे अनेकदा पाहिले आहे: सर्दीच्या गोळ्या, दम्याचा पंप जास्त वेळा ओढणे, थायरॉइडच्या गोळीचा वाढलेला डोस, वजन कमी करण्याची कुठली तरी पावडर. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण टाळले तरी साखर उतरून धडधड होते आणि दरदरून घाम येतो. अशा वेळी गोळी घेणाऱ्याने आधी साखर तपासावी.

आपल्याकडचा उन्हाळाही विसरू नये. पारा चाळिशीच्या वर गेला की घामावाटे पाणी आणि मीठ जाते, रक्ताचे आकारमान घटते आणि हृदय वेग वाढवून ते भरून काढते. यंत्रमागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली उभे राहणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. त्यात नळाला पाणी काही दिवसांनी येणार आणि तेही अवेळी, मग त्या रात्री घरातल्या बाईची झोप गेलीच. ताई, एका वहीत रोजच्या धडधडीची नोंद ठेवा आणि पाणी येण्याच्या दिवसांवर खूण करून पाहा, बहुधा काहीतरी हाती लागेल.

तेंदूपान

सिस्टर, तुम्ही हा विषय काढलाच आहे म्हणून लिहिते. माझी आई घरी विड्या वळते. तिला जिना चढला की धडधड, रात्री धडधड, डोके हलके होणे, हे सगळे होते आणि आम्ही सगळ्यांनी ते काळजीचे आणि वयाचे म्हणून सोडून दिले होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखूची भुकटी, शेजारी चहाचा पेला, दात घासायला मिश्री, आणि जेवण सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते. असा तिचा दिवस. एका शिबिरात बोटातून रक्त घेतले तेव्हा हिमोग्लोबिन सात निघाले. लोहाच्या गोळ्या, जंतांचे औषध आणि अंगावरून जास्त जात होते त्यावर उपचार, एवढ्याने काही महिन्यांत धडधड जवळजवळ गेली. तिच्या मनाला कुठलाही आजार नव्हता, तिच्या अंगात रक्त नव्हते.

निवृत्त सिस्टर

अगदी हेच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. धडधडीची तक्रार करणाऱ्या बाईची खालची पापणी ओढून पाहायला दोन सेकंद लागतात. प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी त्याचे कारण शोधावे.

माळावरची (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. भुईकोट यांचा प्रतिसाद वाचून मी डॉक्टरांकडे पुन्हा गेले आणि होल्टरबद्दल विचारले. ते अजिबात रागावले नाहीत. त्याचा अनुभव लिहिते, कारण त्यातून मला जे कळले ते मला अपेक्षित नव्हते.

छातीवर चिकटपट्ट्या लावून त्यांच्या तारा कमरेच्या छोट्या यंत्राला जोडतात. त्या दिवशी अंघोळ नाही, आणि घामाने एक पट्टी सुटू लागली तेव्हा मी कार्यालयात फाइल पकडायची चिमटी लावावी की काय या विचारात होते. शेवटी दवाखान्याने दिलेल्या जादा चिकटपट्टीने निभावले. सोबत एक कागद देतात, त्यावर काही जाणवले की वेळ आणि त्या वेळी काय करत होता ते लिहायचे. मी इमानेइतबारे लिहिले: सकाळी जिना, दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये, संध्याकाळी रिक्षात आसरा चौकाजवळ, रात्री अंथरुणावर पडताच.

अहवालात जादा ठोके होते, एका लाखाच्या आसपास ठोक्यांत तीनशेच्या जवळपास, म्हणजे एक टक्काही नाही. डॉक्टरांनी माझा कागद आणि त्यांचा आलेख शेजारी ठेवून दाखवला. रात्री अंथरुणावर लिहिलेल्या वेळेला खरोखरच जादा ठोके होते. पण जिन्यात आणि केबिनमध्ये लिहिलेल्या वेळेला ताल अगदी सरळ होता, फक्त वेग ११० च्या घरात होता. आणि सगळ्यात जास्त जादा ठोके कुठे होते, तर पहाटे तीन ते चारच्या दरम्यान, जेव्हा मी गाढ झोपले होते आणि मला काहीही कळले नव्हते. म्हणजे ज्या तासाला माझे हृदय सर्वाधिक चुकत होते त्या तासाला मी सर्वात शांत होते. हे पाहून मला हसावे की रागवावे ते कळेना.

आता प्रश्न असा की हे डोक्याला पटले आहे, हाताला पटत नाही. बोटे आपोआप मनगटावर जातात.

कोरा कागद

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करते. ताईंच्या शेवटच्या वाक्यावरच लिहिते, कारण तपासण्या पूर्ण झाल्यावर खरे काम तिथेच सुरू होते.

ही तक्रार फार जुनी आहे. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अनेक सैनिक धडधड, छातीत टोचणे आणि थकवा घेऊन रुग्णालयात येत आणि त्यांच्या हृदयात दोष सापडत नसे. जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ साली त्यांच्यावर सविस्तर लेख लिहिला आणि पुढे बराच काळ हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जात होता. ते सैनिक ढोंगी नव्हते आणि ताईही कल्पना करत नाहीत. धडधड खरी आहे. तिचा जो अर्थ मन लावते तो तपासायचा आहे.

होते असे: एक जादा ठोका जाणवतो, मन त्याला धोका समजते, शरीरात अॅड्रिनलिन सुटते, त्याने वेग वाढतो आणि जादा ठोकेही वाढू शकतात, मग धोका खराच आहे याचा पुरावा मिळाल्यासारखे वाटते. श्वास भरभर होतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. त्या मुंग्यांचीही भीती वाटते. घबराटीचा असा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. या काळात श्वास सावकाश घ्यावा, सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यावा, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतील इतका. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला आता देत नाहीत, कारण त्रास हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असेल तर तो घातक ठरतो.

नाडी पाहण्याचे म्हणाल तर ती दर वेळी पाहणे म्हणजे जखम भरली का हे खपली काढून बघणे आहे. एकदम बंद करण्याचा निश्चय टिकत नाही. त्यापेक्षा दिवसातून एक वेळ ठरवावी, सकाळी उठल्यावर म्हणा, आणि इतर वेळी हात गेला की तो दुसऱ्या कामाला लावावा. अस्वस्थता येईल, ती येऊ द्यावी, ती पंधरा-वीस मिनिटांत आपोआप उतरते हे स्वतः अनुभवावे लागते. पुढची पायरी म्हणजे डॉक्टरांची परवानगी घेऊन मुद्दाम धडधड वाढवणे: जागच्या जागी धावणे, जिना न थांबता चढणे, कंबर तलावावर झपाझप एक फेरी. वाढलेला वेग म्हणजे संकट नव्हे हे शरीराला शब्दांनी कळत नाही. तुळजापूरचेही असेच टप्पे करावेत. आधी कुणासोबत, मग बसमध्ये वेगळ्या आसनावर बसून, मग एकटीने.

ज्यांना समुपदेशकाकडे जाणे परवडत नाही किंवा अवघड वाटते त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. आपल्या सिव्हिलमध्येही मानसोपचार विभाग आहे.

पार्क चौक

मी रुग्ण नाही, रुग्णाचा नवरा आहे. ताईंच्या घरच्यांच्या वतीने थोडे लिहितो, कारण आमची बाजू कुणी विचारत नाही.

रात्री दोनला बायको उठवते आणि म्हणते, हात लावून बघा हो, बरोबर चालले आहे का. मी हात लावतो, म्हणतो बरोबर आहे. ती पाच मिनिटे शांत, मग पुन्हा तेच. पहिल्या काही महिन्यांत मी प्रेमाने सांगायचो, नंतर वैतागून सांगायला लागलो आणि दोन्हींचा परिणाम सारखाच होता. समुपदेशकांनी आम्हाला दोघांना बसवून सांगितले की प्रत्येक वेळी हात लावून खात्री देणे हेही नाडी पाहणेच आहे, फक्त मनगट तिचे आणि बोटे माझी. आम्ही ठरवले की मी हात लावणार नाही आणि "काही नाही" असेही म्हणणार नाही. मी उठून बसेन, दिवा लावेन आणि आम्ही दुसऱ्या कशावर तरी बोलू. पहिल्या रात्री ती माझ्यावर भयंकर चिडली. मुलीच्या शाळेच्या फीवर बोलायला सुरुवात केली तेव्हा मात्र धडधड विसरून तिने मला हिशेब समजावून सांगितला.

घरच्यांना माझी विनंती आहे की "तुला काही झालेले नाही" हे बोलू नये. तिला काहीतरी होते आहे, ते आपल्याला जाणवत नाही एवढेच.

विजापूर वेस

मनगटी घड्याळाबद्दल कुणी बोलले नाही. माझ्या मुलाने हौसेने ईसीजी काढणारे घड्याळ घेऊन दिले होते. मी ते परत केले.

सात रस्ता

माझे मत वेगळे आहे. असे घड्याळ त्या काळी माझ्या हातात असते तर मला इतकी वर्षे घाबरट म्हणून घ्यावे लागले नसते. झटका चालू असतानाची नोंद घरबसल्या मिळणे ही लहान गोष्ट नाही.

भुईकोट

दोघांचेही खरे आहे, कारण दोघांचे आजार वेगळे आहेत. ज्यांचे निदान झालेले नाही आणि ज्यांना क्वचित पण जोरदार झटके येतात त्यांना अशी नोंद उपयोगी पडते. ज्यांची तपासणी पूर्ण झाली आहे आणि ज्यांचा त्रास तपासत राहण्याचाच आहे, त्यांनी ते हातावरून काढावे. घड्याळ प्रकाशाच्या साहाय्याने नाडी मोजते, हात हलला की चुकते, आणि त्यातला ईसीजी एकाच दिशेने घेतलेला असल्यामुळे हृदयविकाराचा झटका त्यात ओळखता येत नाही, हेही लक्षात असावे.

माळावरची (धागाकर्ती)

पार्क चौक यांचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. आमचे हे काही बोलले नाहीत, पण जेवताना त्यांनी फीचा विषय काढला आणि आम्ही दोघेही हसलो.

सध्याची स्थिती सांगते. सिस्टरांच्या सांगण्याप्रमाणे वहीत खुणा केल्या. पाण्याच्या रात्रीनंतरचा दिवस खरोखर वाईट जातो, म्हणून टाकी भरायचे काम आता मुलाकडे दिले आहे. नाडी फक्त सकाळी पाहते, निदान तसा प्रयत्न असतो. ठोके अजून चुकतात. जिना चढते. तुळजापूर अजून झालेले नाही.

एक शंका आहे. कार्यालयातल्या एका मैत्रिणीला अशाच तक्रारीवर प्रोप्रॅनोलॉल ही ठोक्यांचा वेग कमी करणारी गोळी दिली आहे आणि ती म्हणते की अर्धी गोळी घेतली की छान शांत वाटते, तूही घेऊन बघ. मला लहानपणी दमा होता. घ्यावी का?

भुईकोट

घेऊ नये. दम्याचा इतिहास असलेल्यांत या गोळीने श्वासनलिका आकुंचन पावून गंभीर त्रास होऊ शकतो. ही गोळी अनेकांना उपयोगी पडते, पण ती रुग्णाला तपासून दिली जाते, आणि नियमित घेणाऱ्यांनी ती मनाने एकदम बंदही करायची नसते, नाहीतर वेग आणि रक्तदाब उसळतात. मैत्रिणीलाही हे सांगावे. पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांना दम्याचे नक्की सांगा, ते कागदपत्रांत नोंदलेले आहे का तेही पाहा.

माळावरची (धागाकर्ती)

नोंदलेले नाही. आत्ताच फाइल उघडून पाहिली. सोमवारी जाऊन लिहून घेते.